कमळाबाईंनी मालिका वाढवली

आमच्या परळच्या चाळीत कमळाबाई रेडकर या तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांच्या ‘बाई’. महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं चौथीचा वर्ग घेतला. अर्ध्या चाळीचे कान त्यांच्या हातून गेलेत. माझ्या धाकट्या भावाचा डावा कान अजून किंचित लांब आहे असं माझं मत आहे. तो मानत नाही.

निवृत्त झाल्यावर लोक गुडघे धरतात, बाईंनी पेन धरलं. ‘जिन्याखालची टोळी’ नावाची पोरांच्या गोष्टींची मालिकाच काढली. नायिका चिमी. चौथीतली. जिन्याखाली टोळी जमवून चाळीत हरवलेल्या वस्तू शोधणारी. बारा वर्षांत अकरा पुस्तकं झाली. त्यातला लबाड दूधवाला कुणावरून घेतलाय ते मला ठाऊक आहे, पण तो अजून आमच्याकडे दूध घालतो, तेव्हा माझं तोंड बंद.

गोची एकच होती. अकरा पुस्तकं झाली तरी चिमी आपली चौथीतच! बाईंचे यजमान दत्ताराम, गिरणीत मागावर राबलेले जुने साचेवाले. प्रत्येक नवं पुस्तक वाचून झालं की चष्मा पुसत विचारायचे, “गो, त्या चेडवाक पास कधी करतलंस?”

“चहा निवतोय तुमचा,” बाई म्हणायच्या.

पण लागलं होतं मनाला. एकदा मलाच म्हणाल्या, “भाऊ, माझ्या वर्गात कुणी दोन वर्षं बसलं नाही. आणि एवढी हुशार पोरगी मी बारा वर्षं बसवून ठेवलीय. आता बारावं पुस्तक शेवटचं. तिला पास करणार आणि मोकळी होणार.”

शेवटच्या प्रकरणाची पानं सात वेळा फाडली. सव्वा वर्ष गेलं. अखेर मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दुपारी पुस्तक पुरं झालं. देवीपुढे वही ठेवली आणि बाईंनी गिरगावातल्या प्रकाशकांकडे मोबाइलवरून निरोप धाडला.

आता एक सांगायला हवं. बाईंच्या तोंडून ‘संपलं’ हा शब्द निघत नाही. त्यांच्या घरी बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. तर त्यांनी लिहिलं : ‘आज दुपारी मालिका वाढवली. सोमवारी वही घेऊन येते.’

प्रकाशकांकडचा संपादक विनीत, वय पंचवीस. बारावं शेवटचं आणि त्यात चिमी पास होणार, हे बाईंनी त्याला आधीच बजावलं होतं. तो खुर्चीतून उडालाच. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जाहिरात झळकली : ‘वाचकांच्या आग्रहास्तव मालिका वाढवली! तेरावा भाग लवकरच!’

चाळीत बातमी पसरली. मी फक्त तीन घरांत सांगितली, बाकीची आपली आपण पसरली. सोमवारी बाई निघाल्या, मी पिशवी धरायला बरोबर. (पिशवी हलकी होती. पण असा तमाशा कोण सोडतो?)

ऑफिसात बाई बसल्याही नाहीत. “काय रे विनीत, नारळ वाढवतात म्हणजे काय करतात?”

“फोडतात, मॅडम.”

“मग तो मोठा होतो का?”

पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. तरी धीर करून म्हणाला, “पण मॅडम, फोनवर फोन येतायत हो. पोरांना चिमी हवीय. एकच भाग लिहा ना. शेवटचं पान काढून टाकू, निकाल दाखवायचाच नाही. चिमी चौथीतच राहील.”

बाईंनी वही टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. 

“प्रगतिपुस्तकावर सही झाली की बाई खाडाखोड करत नाहीत. ती पास झालीय. आणि जाहिरातीतली चूक तू केलीस, तूच दुरुस्त कर. पाच वेळा लिही.”

खोटं वाटेल, पण दुरुस्ती खरोखर पाच दिवस छापून आली.

पुस्तकाचं प्रकाशन चाळीच्या अंगणात झालं. बाई हिंदमात्याच्या बाजारातून आणलेल्या नव्या साडीत. दुकानदाराला घाम फोडून आणलेली, असं दत्तारामच सांगत फिरत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या पूर्वीने शेवटचं पान मोठ्याने वाचलं. त्यावर फक्त चिमीचं प्रगतिपुस्तक होतं : ‘इयत्ता चौथी. उत्तीर्ण. वर्गशिक्षिका, क. द. रेडकर.’

“पास केल्यान एकदाचा!” दत्ताराम ओरडले आणि टाळ्यांत डोळे पुसायचं त्यांचं काम झाकलं गेलं. मी पाहिलं, पण सांगितलं नाही कुणाला. हे आत्ताच.

पोरगी मात्र पुस्तक सोडेना. “बाई, पाचवीत गेल्यावर चिमी काय करणार?”

बाईंनी साडीचा पदर खांद्यावर नीट केला आणि मान ताठ केली.

“ते आता तिलाच विचार गं. मी चौथीपर्यंतचीच बाई.”