लडीचा मान
बारावीच्या निकालादिवशी, भर दुपारी, लातूरच्या आमच्या क्लाससमोर अन्याय झाला तो लढाईवरून परतलेल्या वॉचमन फौजीमामांवर. फटाक्यांच्या दारूचा वास आला की ती दुपार आठवते. सर म्हणाले, "फौजी, लड लावायचा मान तुमचा!" मामा मागं सरले. "नगं सर, मला आवाज सोसत न्हाई." "गोळ्या झेलल्या अन् लडीला भेता व्हय?" सर म्हणाले. सगळे हसले आणि सरांनीच लड पेटवली. पहिल्याच आवाजाला मामांनी मला खाली पाडून अंगाखाली झाकलं. "डोकं वर काढू नको!" त्यांचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं. लड संपली तरी माझ्या गालावरचा गुलाल रक्त समजून पुसत ते विचारत राहिले, "कुठं लागलं रे, लेकरा?" फटाका वाजला की मी आजही दचकतो. तुमच्या गेटवर फौजी असेल तर आधी त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर लड पेटवू नका.