भुजंगला सायकल दिली नाही

हसनाबादचा भुजंग आमच्या दुकानामागच्या खोलीत चार वर्षं राहिला. जालन्यात कादराबादेत आमचं कापडाचं दुकान होतं. आम्ही मूळचे राजस्थानातले, पण माझ्या पणजोबांपासून इथलेच झालेलो. भुजंगचे वडील पुंजाराम लग्नसराईचं कापड आमच्याकडूनच नेत. एका वर्षी ते पोराला सोबत घेऊन आले आणि माझ्या वडिलांना, बाबूजींना म्हणाले, "शेटजी, गावातलं शिकणं सरलं. मास्तर म्हणतेत, पोरगं हुशार हाय, जालन्याला घाला. मला इथं दुसरं कोणी ठावं न्हाई."

बाबूजींनी मागची खोली उघडून दिली. मी आणि भुजंग एकाच वर्गात गेलो.

तेव्हा निजामाचं राज्य, शाळेत सगळं उर्दूतून चाले. गणित उर्दूतून, भूगोल उर्दूतून. बाजारातली बोली कानावरून गेलेली असल्यानं मला ते जरा सोपं होतं. भुजंगला पहिले सहा महिने काहीच कळत नव्हतं. तो रोज धडा तीन-तीनदा उतरून काढी. दुसऱ्या वर्षी त्याचं अक्षर वर्गात सर्वांत देखणं झालं. मौलवीसाहेब त्याची वही उचलून सगळ्यांना दाखवत आणि विचारत, "ये किसान का लडका है, देखो. तुम किसके लडके हो?" तो मान खाली घालून बसे. शेरवानी त्याच्याकडे एकच होती. गुरुवारी शाळा सुटली की ती धुवायची, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी वाळवायची, शनिवारी पुन्हा अंगावर.

त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला वाढवलं सगुणाबाईनं, त्याच्या थोरल्या बहिणीनं. नवऱ्यानं टाकल्यामुळं ती माहेरीच असे. दर सोमवारी ती हसनाबादहून राजूरपर्यंत तीन कोस चालत यायची. राजूरला भोकरदनहून येणारी मोटार थांबे. मोटारीच्या क्लीनरच्या हातात भाकरीचं गाठोडं द्यायचं आणि पुन्हा तीन कोस चालत घरी. भुजंग मोटार अड्ड्यावर उभा असायचा. गाठोड्यात आठवड्याच्या ज्वारीच्या भाकरी, कारळाची चटणी, कधी शेंगदाण्याचे लाडू. बुधवारपर्यंत भाकरी लाकडासारखी होई. तो पाण्याचा हात लावून ती चुलीवर शेके आणि मजेत खाई. माझी आई धापूबाई त्याला वरण-भात द्यायला जायची, तर म्हणायचा, "काकू, आक्काच्या भाकरी उरतील ना मंग." चार वर्षांत त्यानं एक भाकरी टाकलेली मी पाहिली नाही.

आम्हा दोघांकडे सायकली होत्या. माझी नवी, त्याची मामाकडून आलेली जुनी, बिनघंटीची. कुंडलिका नदी ओलांडून शाळेला जायचं, तर भुजंग तोंडानंच घंटी वाजवी. बाजारातल्या बाया दचकून बाजूला होत आणि मागून शिव्या देत. त्याला हसू आवरत नसे. तो हसायचा तो एवढ्या रस्त्यात.

मग लढाईचे दिवस आले. रबर मिळेना. सायकलचा टायर परमिटशिवाय दिसेना, आणि परमिट कोणाला मिळे ते सगळ्यांना ठाऊक होतं. भुजंगनं फाटल्या टायरमध्ये चिंध्या भरल्या, वर सुतळी गुंडाळली. असे तीन महिने काढल्यावर एक दिवस पुलाजवळ टायरच दुभंगला. सायकल खोलीत भिंतीला टेकून राहिली. मोटारींचंही तेच झालं. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावली. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं.

माझ्या बाबूजींनी मात्र खटपट करून मला दोन नवे टायर आणून दिले. मी त्या टायरांना किती जपलं ते आज सांगायला लाज वाटते. काटे दिसले की मी उतरून सायकल उचलून नेई. पहिले काही दिवस भुजंगला मागं बसवलं. मग एक दिवस म्हणालो, "डबल सीटनं टायरवर भार पडतो रे." तो म्हणाला, "बराबर हाय," आणि दुसऱ्या दिवसापासून पायी येऊ लागला. मी सायकलवर त्याच्या पुढून जायचो. तो हात करायचा.

तेराशे त्रेपन्न फसली, म्हणजे इंग्रजी चव्वेचाळीस साल. फाल्गुनात मॅट्रिकची परीक्षा होती, केंद्र औरंगाबादला. शनिवारी पहिला पेपर. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं जायचं ठरलं होतं. परीक्षेच्या तयारीसाठी शाळा सुटलेली होती आणि भुजंग दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसायचा. जिल्ह्यात पहिला येईल असं मौलवीसाहेब उघड म्हणत.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यातल्या सोमवारी गाठोडं आलं नव्हतं. क्लीनर म्हणाला, "बाई आलीच न्हाई." भुजंगला वाटलं, सुगीचे दिवस आहेत, सवड झाली नसेल. त्यानं माझ्या आईकडे चार दिवस जेवण घेतलं, तेही लाजत लाजत. पुढच्या सोमवारीही मोटार गाठोड्याशिवायच आली. मंगळवारी तो वाचत बसला, पण पान उलटताना मला दिसला नाही.

बुधवारी दुपारी तो दुकानात आला. मी एकटाच गादीवर होतो.

"शिवा, एक काम हुतं."

"बोल की."

"आक्का आजारी असल. दोन सोमवार झाले, ती चुकणारी न्हाई. मोटार आता उद्या सकाळीच. तुझी सायकल दे. आत्ता निघालो तर दिवस मावळायच्या आत पोचतो. उद्या रात्रीच्या आत परत येतो."

माझ्या डोळ्यांपुढं राजूरच्या पुढची गाडीवाट आली. दोन्ही बाजूंनी बाभळी. मी काय विचार केला ते खरं सांगतो. बहिणीचा विचार मनात आलाच नाही, फक्त टायरचा आला.

"बाबूजींना सायकल लागते रे आज," मी म्हणालो. "वसुलीला जायचंय त्यांना."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "बरं. उद्या मोटारीनं जातो मंग."

गुरुवारी सकाळी तो मोटारीनं गेला. शुक्रवारी मी स्टेशनवर त्याच्यासाठी जागा धरून बसलो. गाडी सुटली तरी तो आला नाही. मला वाटलं, मागच्या गाडीनं येईल. शनिवारी पेपरला त्याचा बाक रिकामा होता. पुढचे सगळे पेपर मी त्या रिकाम्या बाकाच्या मागं बसून लिहिले.

भुजंग बारा दिवसांनी जालन्याला आला, ट्रंक न्यायला. डोक्याचे केस काढलेले. मी खोलीच्या दारात उभा राहिलो. तो पुस्तकं ट्रंकेत ठेवत होता आणि मी न विचारता सांगत होता, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट.

मोटार चार कोसांवर चढाला बंद पडली. सगळ्यांनी ढकलली, भट्टीत कोळसे भरले, फुंकलं, पण ती हलेना. ड्रायव्हर म्हणे, थांबा, होईल. तो दुपारपर्यंत थांबला. मग चालायला लागला. दिवस मावळताना गावाच्या शिवेवर पोचला, तर ओढ्याकाठी माणसं उठून घराकडे येताना दिसली. पुढं त्याचे वडील होते, ओल्या धोतरानं.

सगुणाबाईला मुदतीचा ताप होता. सतरा दिवस ती अंथरुणावर होती आणि गावात कोणी त्याला कळवलं नव्हतं.

"बाला म्हणलं, मला का सांगितलं न्हाई?" भुजंग म्हणाला. "बा म्हणला, तिनंच शपथ घातल्ती. परीक्षा होऊ द्या, मंग सांगा."

"अरे..." मी म्हणालो.

"शेजारची गोजरबाई तिच्याजवळ बसून राह्यल्ती. ती म्हणली, बुधवारी रातच्याला आक्का शुद्धीवर आल्ती. चांगली बोलली. भुज्या आला का, म्हणून विचारलं. शपथ तिचीच, आन् विचारत बी तीच हुती. गोजरबाई म्हणली, येऊन राह्यला. मंग गुरुवारी दिवस डोक्यावर आला तवा गेली."

बुधवारी रात्री. मी मनात हिशेब केला. बुधवारी दुपारी सायकल दिली असती, तर दिवस मावळता तो तिच्या उशाशी असता.

मला राहवलं नाही. "भुजंग," मी म्हणालो, "बाबूजींना त्या दिवशी सायकल नको होती. मी खोटं बोललो."

तो ट्रंकेची कडी लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "तुझे बाबूजी मंगळवारीच औरंगाबादला गेल्ते. मीच त्यांची पिशवी स्टेशनवर नेल्ती."

तो ओरडला असता, अंगावर आला असता, तर मी मार खाल्ला असता. तो नुसता उठला. ट्रंक खांद्यावर घेतली आणि आत जाऊन माझ्या आईच्या पाया पडला. आई रडायला लागली. तो रडला नाही. "काकू, लई दिवस खाल्लं तुमचं," एवढंच म्हणाला.

मी मॅट्रिक तिसऱ्या वर्गात पास झालो आणि औरंगाबादच्या कॉलेजात गेलो. जालना-औरंगाबाद गाडीत दर पंधरा दिवसांनी बसायचो. जालन्याचा कोणी भेटला की भुजंगची खबर विचारायचो. कळे ते एवढंच, की शेतात असतो, बोलत नाही.

पुढच्या वर्षी मौलवीसाहेबांनी स्वतः त्याचा फॉर्म भरला. गावी निरोपावर निरोप धाडले, शेवटी मोटारीनं राजूरला जाऊन, पुढं बैलगाडीतून हसनाबादला गेले आणि त्याला घेऊनच आले. साठीच्या माणसानं एवढं केलं म्हणून भुजंग परीक्षेला आला. मी केंद्राच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मला वाटत होतं, हा पास झाला तर माझ्या डोक्यावरचं काही तरी उतरेल. आज कळतं, तेव्हाही मी माझीच काळजी करत होतो.

तासाभरात तो बाहेर आला. मी धावत गेलो. "झाला एवढ्यात? सोपा होता?"

"नाव लिहिलं. नंबर लिहिला," तो म्हणाला. "सवाल वाचले. सगळे येत हुते, शिवा. एक बी अवघड नव्हता."

"मग लिहिलं का नाहीस?"

"कोणासाठी लिहू?"

मौलवीसाहेब जवळच छत्री घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी भुजंगच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यांचा चेहरा मला बघवेना. त्याच संध्याकाळच्या गाडीनं दोघं परत गेले. पुढचे पेपर भुजंगनं दिले नाहीत. दुसऱ्या वर्षी पुंजाराम वारले. मौलवीसाहेबही फार दिवस राहिले नाहीत.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. गावोगाव झेंडे लागले, लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मीही पडलो. कचेऱ्यांत बाहेरून नवे अंमलदार आले. त्यांना उर्दू दफ्तर वाचता येईना. भोकरदनच्या तहशिलीत जुने कागद वाचून सांगणारा माणूस पाहिजे होता. ओळखीचा एक कारकून मला म्हणाला, "चांगला उर्दू जाणणारा असेल तर सांगा. लगेच लावतो." मला एकच नाव आठवलं.

मी हसनाबादला गेलो. भुजंग रानात ज्वारी पेरत होता. पंचविशी गाठली नव्हती, पण कानामागचे केस पांढरे झालेले. मी बांधावरून हाक मारली. त्यानं बैल उभे केले, जवळ आला. मी सगळं सांगितलं. पक्की नोकरी, खुर्ची, भोकरदनला खोली. बोलता बोलता खिशातला, कारकुनानं नमुन्याला दिलेला तहशिलीचा एक जुना उर्दू कागद काढून त्याच्या हातात दिला.

त्यानं तो उलटा-सुलटा केला. डोळ्यांजवळ नेला. ओठ हलले. मग कागद माझ्याकडे परत दिला.

"वाचता येत नाही?" मी विचारलं.

"अक्षरं ओळखू येतात. पण ओळ सरेस्तवर आधीचं ध्यानात राहत न्हाई. आक्का गेल्यापासून हळूहळू असं होत गेलं. आधी वाटलं, थोडे दिवस राहील."

"डॉक्टरला दाखवू. माझ्यासोबत चल. मी सगळं बघतो, भुजंग. एवढं तरी करू दे मला."

तो माझ्याकडे नीट बघत राहिला. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"तू कशाला तकलीफ करून राह्यला?" तो म्हणाला. "वापसा चाललाय, रानाची ओल सुकतीय. उद्या परवा पेरता येणार न्हाई."

त्यानं तिफण धरली आणि बैलांना हाक दिली. मी बांधावर उभाच होतो. पेरणीच्या तासाच्या टोकाला जाऊन तो वळला आणि माझ्या दिशेनं येऊ लागला. अगदी जवळ आला, तरी त्याची नजर खाली, पेरल्या जाणाऱ्या दाण्यांवर होती. तो माझ्या समोर वळला आणि पुन्हा तिकडं गेला.