तळ्याचं नाव

नव्वदच्या दशकात यशवंतपूरजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. बंगळूरच्या तळ्यांतून पाणी आणून त्यातलं यीस्ट ओळखायचं, हे आमचं काम. मी सूक्ष्मदर्शक पुसेपर्यंत अण्णा यीस्ट वाढवलेल्या काचेच्या बशीचं झाकण उचलून वास घेत. नियमात हे अजिबात बसत नव्हतं. "ओळखीचं आहे," म्हणून ते बशी सरकवत आणि बहुतेकदा बरोबर ठरत. एकदा मात्र हुंगतच राहिले.

"स्वल्प थांबा, मॅडम. हा वास आपल्याकडे कधी आलेला नाही."

मी हसले. मग वर्षभर त्या यीस्टला नाना तऱ्हेच्या साखरा खायला घातल्या, जुनी वर्णनं ताडून पाहिली. प्रजाती खरंच नवी निघाली!

"अण्णा, हिला तुमचंच नाव देऊ या."

ते चक्क रागावले. "माझं नाव लावायला घरात दोन मुलं आहेत. ही ज्या तळ्यातून आली, त्यात मातीचे ट्रक रिकामे होतायत. त्याचं नाव कोण लावणार?"

तिथे आता बसस्टँड आहे. पण आमच्या फ्रीजमधल्या एका नळीत तळ्याचं नाव लावणारं कुणीतरी अजून जिवंत आहे. त्या नळीला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.