आपण दुरुस्त करून घेऊ

"मला कुणाकडे काही मागता येत नाही, म्हणून हे काम मला जमलं," असं वेलांटीबाई एकदा म्हणाल्या होत्या. ऐकणाऱ्यांना तो विनोद वाटला आणि ते हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्या तशाही फारशा हसत नसत.

वेलांटीबाई हे नाव त्यांना छापखान्यात पडलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तिथे प्रुफं तपासली. निविदा, शाळेची पुस्तकं, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, काय वाटेल ते. ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झालेली दिसली की चपलेत खडा गेल्यासारखा त्यांचा चेहरा होई. त्या जिन्यावर दिसल्या की खिळे जुळवणारे जुळारी एकमेकांना म्हणत, "आल्या बरं का, आपापल्या शेपट्या सांभाळा." छापखाना बंद झाला त्या दिवशी मालकाने प्रत्येकाला एक पेन दिलं आणि दाराला कुलूप लावलं. बाई तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या. दोन खोल्या, मागच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी, दुसऱ्या गावी थोरली बहीण. बहिणीचा फोन रविवारी दुपारी येई. एखाद्या आठवड्यात त्याआधी कुणाशी बोलण्याची वेळच आलेली नसे. मग फोन उचलण्याआधी बाईंना दोनदा खाकरून घसा मोकळा करावा लागे.

केंद्रात त्यांना बोलावलं ते वार्षिक अहवालाची प्रुफं बघायला. तीन दिवसांचं काम.

केंद्र म्हणजे एका जुन्या इमारतीचं तळघर. आजारी माणसाला घरी लागतात त्या वस्तू तिथून वापरायला मिळत, फुकट. चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, डोक्याकडून वर उचलता येणारे पलंग. माणूस बरा झाला की वस्तू परत यायची. बरा नाही झाला तरी परत यायची. खिडक्या छताला लागून होत्या आणि त्यातून रस्त्यावरून जाणारे पाय तेवढे दिसत. वस्तूंची व्यवस्था एक लंगडणारा म्हातारा बघायचा. त्याला सगळे टेकू म्हणत, तो स्वतःही स्वतःला तेच म्हणे. अध्यक्ष होते एक निवृत्त डॉक्टर, हाडांचे. भला माणूस, पण समोरच्याचा हात धरायच्या आत त्याचा सांधा चाचपून बघणारा.

तिसऱ्या दिवशी बाईंनी प्रुफं डॉक्टरांसमोर ठेवली.

"किती चुका निघाल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकशे चार. शिवाय आठ पानांत 'आम्ही' त्रेपन्न वेळा आलंय. आम्ही वाटप केले, आम्ही सुरू केले, आम्ही राबवले. ज्यांनी या वस्तू दिल्या ते कुठेच नाहीत."

"आहेत की. शेवटी. 'सर्व देणगीदारांचे आभार.'"

"त्यात 'आभार'चा भा फुटलाय."

टेकू कोपऱ्यातून म्हणाला, "भाच फुटलाय ना? देणगीदार तर कधीचेच फुटलेत."

ते खरं होतं. सहा वर्षांत नवी वस्तू आली नव्हती. अकरा खुर्च्यांपैकी चार चालत होत्या. वस्तू न्यायला माणसं येत आणि टेकू त्यांना एका वहीत नाव लिहून घरी पाठवी. त्या वहीचं त्याने ठेवलेलं नाव 'थांबा' होतं. वहीतलं नाव पुढे कधी खोडलं जाई ते वस्तू मिळाली म्हणून क्वचितच.

डॉक्टरांनी बाईंना राहायला सांगितलं. मानधन नावालाच. बाई राहिल्या, कारण सोमवारी जायला एखादं ठिकाण असणं ही गोष्ट त्यांना पगारापेक्षा मोठी वाटत होती. तसं त्या कुणाला म्हणाल्या नाहीत.

पहिलं काम त्यांनी केलं ते सँडपेपर आणण्याचं. प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव पूर्वी घातलेलं होतं. नंतर कधीतरी सगळ्यांवर एकच राखाडी रंग फिरवला गेला होता. बाई स्टुलावर बसून तो रंग घासून काढू लागल्या. खालून नावं वर आली. कुणाच्या आईच्या नावाने दिलेला पलंग. कुणी पहिल्या पगारातून घेतलेल्या कुबड्या. मग टेकूच्या जुन्या वह्यांतून त्यांनी पत्ते काढले आणि एकेकाला पत्र लिहायला बसल्या. हाताने. पत्रात फक्त त्या वस्तूचा समाचार असे. तुमच्या आईच्या नावाचा पलंग सध्या एका भाजी विकणाऱ्या बाईंकडे आहे, त्यांचं माकडहाड मोडलं आहे, डोक्याकडची बाजू उचलली की त्यांना खिडकीबाहेरचं दिसतं. एवढंच.

"शेवटी एक ओळ टाका ना," डॉक्टर म्हणाले. "मदतीचं आवाहन."

"मग ते पत्र राहणार नाही."

"अहो, पण पत्र कशासाठी लिहायचं मग?"

"त्यांना कळावं म्हणून."

डॉक्टरांनी टेकूकडे पाहिलं. टेकूने खांदे उडवले. "लिहू द्या हो. शाई त्यांचीच आहे."

चूक घडली ती तेराव्या पत्रात. वस्तूंच्या यादीतली सतरा नंबरची खुर्ची एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी बायको गेल्यावर दिली होती. बाईंनी लिहिलं, खुर्चीचं उजवं चाक अडतं, ते या महिन्यात आपण दुरुस्त करून घेऊ. लिहायला हवं होतं 'आम्ही'. बाहेरच्या माणसाला लिहिताना संस्था आम्हीच असते. 'आपण' म्हटलं की वाचणारा आत आला. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासणाऱ्या बाईंनी स्वतःचं वाक्य तपासलं नाही आणि पाकीट टपालात टाकलं.

चौथ्या दिवशी खिडकीतून दोन बूट दिसले. ते बराच वेळ जागच्या जागी उभे होते. मग जिन्यावरून एक उंच, वाकलेले गृहस्थ खाली आले. हातात हत्यारांची पेटी.

"सतरा नंबर कुठाय?"

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"घड्याळवाला. तुम्ही लिहिलंत, आपण दुरुस्त करून घेऊ. म्हटलं, आपण म्हणजे मी आलोच की त्यात. का नाही?"

बाईंच्या कानशिलांवर रक्त चढलं. कार्बनची प्रत फाइलमध्ये होती. ती काढून बघायची गरज नव्हती. तो शब्द त्यांना डोळ्यांसमोर दिसला, आणि शेजारच्या समासात आपल्याच हातची तांबडी खूण. पण घड्याळवाले तोवर गुडघ्यांवर बसले होते आणि चाकाच्या आसाला कान लावून ऐकत होते, जणू ते आतून काही सांगणार होतं.

"चुकून लिहिलं गेलं," असं बाई त्यांना त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. त्याऐवजी त्या रात्रीत, टपालात टाकायची उरलेली बत्तीस पत्रं त्यांनी पुन्हा लिहिली आणि प्रत्येकात तीच चूक शाबूत ठेवली. गादी फाटली आहे, ती आपण शिवून घेऊ. पलंगाची कळ आपण बदलू. कुबड्यांची रबरं आपण पाहू.

सगळे काही आले नाहीत. नऊजण आले. पण एक बाई शिलाई मशीन घेऊन आली आणि तिने गाद्यांना खोळी शिवल्या. जाताना म्हणाली, "पुढच्या महिन्यात नणंदेला आणते. तिचा हात वाकडा चालतो, पण चालतो." एकाने आपल्या दुकानातले दोन वॉकर पाठवले, मग आणखी दोन. दोन वर्षांत चालत्या खुर्च्या सव्वीस झाल्या. 'थांबा'च्या वहीतली नावं टेकू वस्तू देऊन खोडू लागला, आणि प्रत्येक वेळी पेन हवेत गरकन फिरवू लागला. डॉक्टर सभांमधून सांगत, "आमच्या बाईंच्या अक्षरात जादू आहे." लोक बाईंना भेटत, बोलत, आणि पाच वाजले की आपापल्या घरी जात. बाईही जात. त्या घरात काही बदललं नव्हतं.

घड्याळवाल्यांचे गुडघे मग धरले. जिना उतरवेना. बाई त्यांच्याकडे गेल्या तो एक गुरुवार होता. तळमजल्यावर त्यांचं बंद दुकान, वर एक खोली. भिंतीवर लोकांनी परत न नेलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. त्या भेटीची नोंद बाईंनी केंद्रात केली, कारण देणगीदारांच्या भेटी लिहायचा तसा नियमच होता. पुढचे गुरुवार त्यांनी लिहिले नाहीत.

तिथे विशेष काही होत नसे. ते चहा करत. साखर घालायला विसरत, मग स्वतःवरच चिडत. बायको गेली ती कशी, कुठल्या खुर्चीत, हे त्यांनी एकदा सांगितलं आणि पुन्हा काढलं नाही. बाई कधी वर्तमानपत्रातल्या चुका वाचून दाखवत.

"'मुख्य पाहुणे' असं हवं. यांनी 'मूर्ख' छापलंय."

"त्यांना ओळखतो मी," घड्याळवाले म्हणत. "काही चूक नाही त्यात."

बाई तेव्हा मोठ्याने हसत. आपल्याला हसताना आवाज येतो हे त्यांच्याच लक्षात येई आणि त्या गप्प होत. बहिणीला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? दीड वर्षं, दर गुरुवारी, चार ते साडेपाच.

मग इमारत विकली गेली. नव्या मालकाने तळघर तीन महिन्यांत मोकळं करून मागितलं. डॉक्टरांनी गावभर चौकशी केली. सव्वीस खुर्च्या आणि एकोणीस पलंग फुकट ठेवू देणारा कुणी मिळाला नाही. दोन महिने संपले. एक दिवस त्यांनी बाईंना समोर बसवलं.

"घड्याळवाल्यांचं दुकान रिकामंच आहे ना?"

बाईंनी समोरची फाइल बंद केली.

"तळमजला, रुंद दार, उंबरा नाही. खुर्ची थेट आत जाते. बाई, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. तुम्ही फक्त विषय काढा."

"दुसरं कुणी काढलं तर?"

"तुमच्याइतकं जवळचं त्यांना आहे कोण?"

हे ऐकून कुणालाही बरं वाटलं असतं. बाईंनी हातातल्या रुमालाची घडी मोडून पुन्हा तशीच घातली.

रविवारी त्यांनी बहिणीला सांगितलं, निम्मंच. केंद्राला जागा हवी आहे, एका ओळखीच्या गृहस्थांची आहे, विचारवत नाही.

"अगं, तोंड आहे ना तुला?" बहीण म्हणाली. "विचार की. नाही म्हणाले तर नाही. खातील का तुला?"

"नाही म्हणायची भीती नाही गं, ताई."

"मग?"

"हो म्हणतील."

बहीण मग म्हणाली, "तुझं मेलीचं काही कळतच नाही," आणि आपल्या जावयाच्या बदलीचं सांगू लागली.

तीन गुरुवार गेले. बाई जात, बसत, आणि विषय न काढता परत येत. जिन्यावरून उतरताना डाव्या हाताला दुकानाचं शटर असे; तिकडे त्या बघत नसत. इकडे टेकूने नवी नावं लिहून घेणं थांबवलं होतं. एका दुपारी, पाठीवर वडिलांना घेऊन आलेल्या एका मुलीला तो म्हणाला, "पोरी, आम्हालाच उठवलंय गं." बाईंनी ते ऐकलं, आणि येत्या गुरुवारी बोलायचंच असं ठरवलं.

त्या गुरुवारी घड्याळवाल्यांनी दार उघडलं तेव्हा अंगात धुवट शर्ट होता, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. टेबलावरची हत्यारं आवरून बाजूला ठेवली होती. मध्ये एक लांबट पाकीट, त्यावर किल्ली.

"बसा," ते म्हणाले. "डॉक्टरांचा फोन आला होता परवा."

बाई उभ्याच राहिल्या.

"म्हणाले, आमच्या बाई भिडस्त. दीड वर्ष तुमच्याकडे येतायत याच कामासाठी, पण तोंडातून शब्द निघेना. तेव्हा म्हटलं, मीच सांगतो." घड्याळवाले हसले, माणूस दुसऱ्याला अवघडू नये म्हणून हसतो तसे. "अहो, आधी बोलायचं ना. पहिल्याच गुरुवारी दिलं असतं दुकान. इतके हेलपाटे तरी पडले नसते तुम्हाला."

भिंतीवरच्या एका घड्याळाने दोनाचे ठोके दिले. चार वाजून गेले होते.

"वकील येऊन गेला. दोन्हीकडे सह्या केल्यात. हयातीत केंद्राकडे, नंतरही केंद्राकडेच. मागच्या दाराची कडी जरा वर उचलून ओढायची, नाहीतर लागत नाही." मग खाली बघत म्हणाले, "तुमचं काम तुम्ही चांगलं केलंत, बाई. मला शेवटपर्यंत कळलं नाही."

तसं नाही, एवढंच म्हणायचं होतं. बाईंच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण पाकीट समोर होतं. ते उचलून 'तसं नाही' म्हटलं तर तो शिष्टाचार झाला असता. तसले गोड शब्द त्यांनी दोनशे माणसांना लिहिले होते, आणि त्यातलं एक पत्र याच टेबलाच्या खणात होतं. न उचलता म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी विश्वास ठेवला असता. बाईंना ती मुलगी आठवली. वडिलांचे पाय तिच्या कमरेशी लोंबत होते, एकात मोजा होता, एकात नव्हता.

"चहा टाकतो," घड्याळवाले म्हणाले. "म्हणजे, वेळ असेल तर. घाई असेल तुम्हाला आता, सामान हलवायचं."

बाईंनी किल्ली उचलली. पाकीट पिशवीत सरळ मावत नव्हतं, दुमडावं लागलं. घड्याळवाले भांडं हातात धरून उभे होते, किती पाणी घ्यायचं ते न कळल्यासारखे. बाईंनी चपला घातल्या, दार आपल्यामागे आवाज न करता ओढून घेतलं आणि त्या जिना उतरून गेल्या.