तुमचा खोकला, तुम्हीच सांगा

टीबीच्या दवाखान्यातली ती बाई घरात आली की बसायच्या आधी खिडकी उघडते. बायको टीबीनं गेल्यापासून मी खिडकी बंदच ठेवतो.

"आजोबा, खोकल्यातले जंतू कोंडलेल्या हवेत तरंगत राहतात."

"जिला लागायचे तिला लागले. आता कुणासाठी उघडता?"

तेवढ्यात मलाच ढास लागली. महिनाभर लपवली होती. तिनं पिशवीतून थुंकीची डबी काढली.

"रविवारी लेक तान्ह्या बाळाला घेऊन येतेय म्हणालात. तपासणी होईपर्यंत नको म्हणावं."

"तुम्हीच सांगा तिला."

"नाही. तुमचा खोकला, तुम्हीच सांगा."

मी फोन लावला. लेक खवळलीच. "आईनंही असंच लपवलं होतं ना, बाबा?"

बाई मान खाली घालून डबीवर माझं नाव लिहीत होती.