तीन पाण्यांनंतरही उरलेला वास

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून किळस फार. पेल्याच्या कडेला कुणाच्या ओठांचा ओला ठसा दिसला तर घसा कोरडा पडला तरी ती त्यातून पाणी प्यायची नाही. आमचा सगळ्यात लहान भाऊ कायम शेंबडा. तो मांडीवर बसायला आला की ही उठून उभीच राहायची. आई म्हणायची, हिला नाक देताना देवाचा हात जरा सैल सुटला. घरात तिचं नावच नाकवाली पडलं. आणि अशा मुलीला नवरा मिळाला तो गटारातला गाळ काढणाऱ्या टोळीतला.

लग्न जमवताना कुणी तिला फसवलं नाही. मुलगा कष्टाळू आहे, दारूचं व्यसन नाही, बोलायला गोड आहे, हे सगळं खरं होतं, आणि काम काय करतो तेही आधीच सांगितलं होतं. होकार तिनेच दिला. तिला वाटलं, गटार रस्त्यात असतं, घरात थोडंच असतं. ते कपड्यांतून रोज घरी येतं हे तिला संसाराच्या पहिल्या संध्याकाळी कळलं.

मी त्याच इमारतीत, अंगणाच्या पलीकडच्या खोलीत राहते. त्या दिवशी मेहुणे कामावरून आले ते कमरेपर्यंत काळे. साधा चिखल असता तर काही नव्हतं, चिखलाला मातीचा वास असतो, तो बरा वाटतो. हे तसलं नव्हतं. तेलकट, बुळबुळीत, बोटाला लागला की बोट सोडत नाही असा गाळ. त्यात केसांचे पुंजके, थिजलेल्या चरबीचे पांढरे गोळे, आणि पॅन्टच्या शिवणीत अडकलेल्या बारीक लालसर अळ्या, अजून वळवळणाऱ्या. धाकटीने ती पॅन्ट दोन बोटांनी उचलून मोरीपर्यंत नेली आणि मोरीतच ओकली. ओकलेलं धुतलं, पॅन्ट धुतली, पुन्हा ओकली. मेहुणे टॉवेल गुंडाळून दारात उभे होते. राहू दे, मी धुतो, म्हणाले. ती म्हणाली, तुम्ही दिवसभर त्यातच होतात, आता बसा. त्या रात्री ती स्वतः काही जेवली नाही.

सवय होईल, असं सगळ्यांनी तिला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंचे यजमान मासळी बाजारात हमाली करायचे. मला महिन्याभरात वास यायचा बंद झाला, असं काकू सांगायच्या. त्यांना यायचा बंद झाला असेल, आम्हाला जिन्यात येत होता.

धाकटीला सवय झाली नाही. वर्षं गेली, मुलगी झाली, मुलगी शाळेत जाऊ लागली, तरी संध्याकाळ झाली की हिचं तोंड कडू व्हायचं. मेहुण्यांच्या खिशातून एकदा उंदराचं मेलेलं पिल्लू निघालं, फुगलेलं, शेपटीचं साल सुटलेलं. त्या दिवशी तिने सगळ्या पॅन्टचे खिसे शिवून टाकले. मेहुणे म्हणाले, अगं बिडीकाडी कुठे ठेवू? ती म्हणाली, कानावर ठेवा.

मग तिने स्वतःच एक पद्धत काढली. कपडे काढून धुवायचेच नाहीत, अंगावरच धुवायचे. अंगणाच्या कोपऱ्यात सांडपाण्याची जाळी आहे, तिच्यावर मेहुण्यांना कपड्यांसकट उभं करायचं. ही नाकावर पदर घट्ट बांधून, लांब दांड्याचा ब्रश घेऊन समोर. पहिलं पाणी नुसतं, दुसरं सोड्याचं, तिसरं साबणाचं. पहिल्या पाण्याला जे काय गळून पडायचं ते जाळीतून जाईपर्यंत ती तोंड फिरवून भिंतीकडे बघायची आणि ब्रश अंदाजाने चालवायची. तीन पाणी झाली की मेहुणे आडोशाला जाऊन कपडे बदलणार, आणि मगच ते कपडे दगडावर यायचे.

काकूंना ही करमणूकच झाली. गॅलरीत येऊन विचारायच्या, काय गं, नवरा धुतेस की म्हैस? मेहुणे खालून म्हणायचे, म्हशीला कुणी एवढं बोलत नाही, काकू. धाकटी म्हणायची, हात वर करा.

हसत असले तरी मेहुण्यांच्या मनात ती पहिली ओकारी बसली होती. घराच्या वळणावर थांबून ते काडीने शिवणीतला गाळ खरवडायचे, कपड्याला चिकटलेले केस उपटून टाकायचे, बूट दगडावर आपटायचे. बायकोला जेवढं कमी दिसेल तेवढं बरं. चांगलाच स्वभाव, पण त्यानेच घात होत आला होता.

झालं असं की एका संध्याकाळी तीन पाणी होऊनही वास गेला नाही. धाकटीने चौथं पाणी घातलं. पॅन्ट दगडावर घासली, पिळली, वाळत टाकली, आणि वाळल्यावर घेऊन माझ्याकडे आली. ताई, वास घेऊन बघ. मी घेतला, मला साबणाशिवाय काही आलं नाही. ती म्हणाली, साबणाच्या खाली बघ. गटाराचा वास उग्र असतो, नासलेल्या अंड्यासारखा. हा गोड आहे. गोड आणि उबट. एवढं सांगतानाच तिला उमासा आला.

मला वाटलं, झालं हिचं सुरू. तिने साबण बदलला, ब्रश उकळत्या पाण्यात टाकला, सोडा दुप्पट केला. वास होताच. त्यातच ब्रश मेहुण्यांच्या डाव्या पोटरीवरून फिरला की आतून चुरचुर आवाज यायला लागला. विचारलं तर म्हणाले, पिशवी बांधलीय, बुटात पाणी शिरतं. टोळीतले लोक पायाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधतात, वर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळतात, म्हणजे झुरळं वर चढत नाहीत. हे तिला माहीत होतं, म्हणून तिने पुढे विचारलं नाही. चालताना पाय का ओढता असं विचारलं, तर म्हणाले बूट चावतो.

मग सुटीचा दिवस आला. मेहुणे सकाळी अंघोळ करून, धुतलेला पायजमा घालून खाटेवर बसले होते. कामाचा एकही कपडा घरात नव्हता, सगळे बाहेर दोरीवर. धाकटी चहा घेऊन आत गेली आणि दारातच थांबली. तोच वास. तिने चादर उचलून नाकाला लावली. पायाकडच्या बाजूला, बशीएवढा पिवळट डाग, मधे ओला, कडेने कडक झालेला.

तिची हाक ऐकून मी गेले तेव्हा दोघांचं चाललेलं होतं.

"पाय दाखवा."

"काही नाही गं, खरचटलंय."

"दाखवा म्हणते ना."

मेहुण्यांनी पाय आणखी पोटाशी घेतला. "तुला बघवणार नाही."

"बघवणार नाही ते माझं मी बघते."

तिने पायजमा वर केला. पोटरीला प्लास्टिकची पिशवी, वर आणि खाली ट्यूबच्या पट्ट्या इतक्या आवळलेल्या की कातडी दोन्हीकडे फुगून आली होती. पिशवी आतून घामाने धुरकटलेली, तळाशी पू साचून हिंदकळत होता. तिने पट्टी सोडली आणि ते सगळं तिच्या हातावर आलं. आतली चिंधी मांसाला चिकटलेली. भोवतालची कातडी पाण्यात कुजलेल्या कागदासारखी पांढरी, जखमेची कड काळी, मधे हिरवट पिवळं, आणि त्यातून वर गुडघ्याकडे जाणारी एक लाल रेघ. मी देवाचं नाव घेतलं.

धाकटी मोरीत धावली. पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकली, कोपरापर्यंत हात धुतले, चूळ भरली आणि परत येऊन खाटेजवळ खालीच बसली. कशाने झालं ते मग मेहुण्यांनी हळूहळू सांगितलं. गाळात फुटकी बाटली होती, ती लागली. त्यांच्या टोळीची रीतच आहे, कापलं की चिंधी गुंडाळायची आणि वरून पिशवी आवळून बांधायची, म्हणजे गटाराचं पाणी जखमेत जात नाही. जुने लोक तसंच करत आले. पण जुने लोक घरी गेल्यावर ती सोडत असतील. यांनी घरीही बांधलेलीच ठेवली, अंघोळीतसुद्धा.

"सोडली असती तर कपड्याला डाग पडला असता," मेहुणे म्हणाले. "डाग तू बघितला असतास. आधीच तुला किती सोसावं लागतं."

धाकटीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला राग आला.

"किळस येते म्हणून मी काय डोळे काढून ठेवलेत? इतकी वर्षं काय धुतलं मी, अत्तर? उठा. रिक्षा आणते."

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम बघितली, लाल रेघेवरून बोट फिरवलं आणि बाहेर येऊन आम्हाला सरळ सांगितलं. सडलेलं मांस कापून काढतो. रेघ खाली उतरली तर पाय राहील, गुडघ्याच्या वर गेली तर ठेवता येणार नाही. शिडीवरून चेंबरमध्ये उतरून पोट भरणारा माणूस, त्याचा पाय. धाकटी बाकावर बसून राहिली. तिच्या बोटांना तो वास अजून होता. ती मधेच बोटं नाकाशी न्यायची, तोंड वाकडं करायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा न्यायची. मी म्हटलं, जाऊन साबणाने धुऊन ये. ती म्हणाली, धुतलेत गं, कितीदा. मी देवाला एरवी बरंच काही मागत असते. त्या दिवशी एक पाय मागितला.

रेघ उतरली. लगेच नाही, आधी तिथल्या तिथे अडून बसली, मग जरा फिकी झाली, मग जखमेकडे सरकली. डॉक्टरांनी पाय राहतो म्हटल्यावर धाकटीने पहिल्यांदा चहा घेतला, तोही पेला स्वतःच्या पदराने पुसून.

घरी सोडताना परिचारिकेने विचारलं, रोजची मलमपट्टी कोण करणार? मेहुणे घाईने म्हणाले, नाक्यावरच्या कंपाउंडरला सांगतो, हिच्याकडे नको. धाकटी त्यांच्याकडे न बघता परिचारिकेला म्हणाली, मला दाखवा कसं करायचं ते.

आता इथे मी असं लिहिलं, की नवऱ्याच्या मायेने तिची किळस पळून गेली, तर ते खोटं होईल. रोज सकाळी ती उपाशीपोटी पट्टी सोडायची, कारण खाल्लं की टिकत नव्हतं. पोटरीत लिंबाएवढा खड्डा होता, त्यात कापसाचा बोळा फिरवताना तिच्या कपाळावर घाम यायचा आणि तोंडाने शी शी चालू असायचं. मेहुणे भिंतीकडे तोंड करून पडायचे. दुखलं की तिकडेच हळू कण्हायचे. मग एक दिवस ती म्हणाली, भिंतीला काय सांगताय, दुखलं तर मला सांगा, मला काय वरून दिसतंय आत काय ठणकतंय ते. त्यांनी तोंड वळवलं. त्यानंतर कुठे दुखतं, कुठे खाजतं, कुठे नुसतं बधिर आहे, हे ते सांगू लागले, आणि एकदा सुरू झाल्यावर इतकं सांगू लागले की धाकटी म्हणाली, पुरे, मला अजून जेवायचंय.

खड्डा भरत आला. मुकादमाने मेहुण्यांना आधी वरच ठेवलं, दोरी धरायला. पुढे उतरायची वेळ आलीच.

परवा संध्याकाळी मी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. मेहुणे आले, कमरेपर्यंत काळे, आणि जाळीवर उभे राहिले. धाकटीने पदर बांधला, बादली उचलली.

"थांब," मेहुणे म्हणाले. त्यांनी बूट ओढून काढला, पाय पुढे केला. "अंगठ्याच्या नखाखाली काहीतरी गेलंय. सकाळपासून सलतंय."

पाऊल गाळाने माखलेलं, बोटांच्या बेचक्यांत काळा लगदा, नखाखाली आणखी काळं. धाकटीने मला सुई आणि गरम पाणी आणायला सांगितलं. मी आणेपर्यंत ती उकिडवी बसली होती आणि तो पाय तिने आपल्या गुडघ्यावर घेतला होता, चांगल्या साडीवर. नाकावरचा पदर सुटून खांद्यावर आला होता. हात भरलेले, त्यामुळे तिला तो वर घेता येईना.

"शी," ती म्हणाली आणि आणखी खाली वाकली. "हलू नका."