काच खाली

आमच्या पेंटबॉलच्या मैदानावर सर शिट्टी वापरत नसत. आयुष्यभर पी.टी. शिकवलेला माणूस, पण शिट्टी फुंकायची तर तोंडावरचा काचेचा मास्क वर करावा लागतो, आणि मैदानात मास्क वर करणं हे सरांच्या लेखी पाप होतं. म्हणून ते मास्कच्या आतूनच ओरडत. घसा कायम बसलेला. दिवसभर दोनच शब्द: "काच खाली."

बोरीवलीतली त्यांची मराठी शाळा मुलं मिळेनात म्हणून बंद पडली आणि सर आमच्याकडे पंच म्हणून आले. मी काउंटरवर मास्क, जॅकेटं आणि रंगाच्या गोळ्यांच्या बंदुका वाटायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "रंगाची गोळी अंगावर बसली तर काळंनिळं होतं आणि आठवड्यात जातं. डोळ्याचं तसं नसतं गं."

मुंबईच्या दमट हवेत काच धुरकट होणारच. खेळणारा मास्क कपाळावर सरकवून काच पुसायला लागतो, समोरच्याला ते कळत नाही, तो गोळी झाडतोच. असं कुणी केलं की सर धावत जाऊन त्याच्यासमोर उभे राहत, हात पसरून, बंदुकांकडे पाठ करून. त्याचा मास्क खाली येईपर्यंत हलत नसत. गोळ्या पाठीवर बसत. एकदा सरांची पाठ बघून त्यांच्या घरून काकूंनी मला फोन करून विचारलं, "ह्यांना तिथे कुणी मारतं का गं?" सरांना सांगितलं तर म्हणाले, "तिला म्हणावं, होळी खेळतो."

लोकांना सर आवडत नसत. ऑफिसातली मंडळी एका दिवसापुरती शूर व्हायला येतात, त्यांना मास्तर कशाला हवाय? "अंकल, चिल ना यार" हे रोजचंच. सरांच्या काळात आमच्याकडे एकाच्याही डोळ्याला इजा झाली नाही. यावरून मालकाने अनुमान काढलं की एवढ्या आरडाओरड्याची गरजच नाही. हे आठवलं की अजून माझा तिळपापड होतो.

एकदा अंधेरीच्या एका कंपनीची टीम आली. त्यांचा साहेब सरांचा जुना विद्यार्थी निघाला. सर मुद्दाम काउंटरवर येऊन मला सांगून गेले, "हा माझ्या खो-खोच्या टीमचा कॅप्टन बरं का." खेळ रंगात आला तेव्हा याच कॅप्टनने आपली माणसं गोळा केली, सगळ्यांना मास्क वर करायला लावले आणि एकाच्या हातात मोबाइल दिला. पलीकडून गोळ्या चालूच होत्या. सर धावले आणि हात पसरून उभे राहिले.

"सर, बाजूला व्हा ना. फोटोची वाट लावताय."

"आधी काच खाली."

"सर, शाळा कधीच बंद झाली."

सरांनी हात खाली घेतले नाहीत.

साहेबाने जाताना तक्रार केली. मालकाने सरांना बोलावून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. "कस्टमर नाराज होतो, सर. समजून घ्या." सरांनी आपला मास्क माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "काच नीट पुसून ठेव." माझा राग मी गिळला, तो अजून पचलेला नाही.

वर्षभरात सर हार्टने गेले. काकूंनी मला विचारलं, "ह्यांचा अलीकडचा फोटो आहे का गं तुझ्याकडे? भिंतीवर लावायला." मी मोबाइल पालथा घातला. सर होते, पुष्कळ होते, पण प्रत्येक फोटोत मास्कमध्ये. शेवटी शाळेच्या ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून घेतला. तो पुसट आलाय.

मालकाने फाटकावर नवा बोर्ड लावलाय. त्यावर त्या कंपनीचा तोच फोटो. मास्क कपाळावर, सगळे हसतायत, सगळ्यांचे डोळे शाबूत. सरांना कापून टाकलंय, पण कडेला त्यांचा पसरलेला एक हात राहून गेलाय. मालकाच्या ते लक्षात आलेलं नाही, आणि मी सांगणारही नाही.